पाहुण्यांना गाव दाखवताना

दिवाळी जवळ आली, की आमच्या कोल्हापुरात दोन गोष्टींची आवक वाढते. एक गुळाची आणि दुसरी पाहुण्यांची. गुळाचे एक बरे असते. पाडव्याला सौदे निघाले, की त्याचा भाव सर्वांना कळतो. पाहुण्यांच्या बाबतीत भाव ठरतो तो यजमानाचा. सकाळचा चहा संपवून पाहुणे कपबशी खाली ठेवतात आणि हसतमुखाने विचारतात, "मग आज काय दाखवणार?" झाले! त्या क्षणापासून आपली परीक्षा सुरू होते. वर्षभर दुसऱ्यांचे पेपर तपासणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला ती वर्षातून एकदा द्यावी लागते, यात न्यायच आहे म्हणायचा.

बहुतेक पाहुणे यादी घेऊनच येतात. पूर्वी ती पोस्टकार्डावर यायची; आता मोबाईलवर असते. यादी मात्र बदललेली नाही. अंबाबाईचे दर्शन, तांबडा-पांढरा, पायताण, रंकाळ्यावरची भेळ, आणि वेळ उरलाच तर पन्हाळा नि जोतिबा. मी या यादीला नाके मुरडीत नाही. कोल्हापुरी चपलेची कुरकुर ऐकत गावी परतण्यात जो आनंद आहे, तो मी कुणाला नाकारावा? शिवाय आमच्या सौ.चे या विषयातले मत स्पष्ट आहे. "आधी त्यांना पोटभर जेवू घाला. रिकाम्या पोटी तुमचा इतिहास पचत नाही." तेव्हा आमच्याकडे इतिहास जेवणानंतर असतो.

तरीही यादीतले ठिकाणसुद्धा दाखवण्याची एक रीत असते. अंबाबाईचेच पाहा. दर्शनाच्या रांगेत उभे राहून, हात जोडून, प्रसाद घेऊन पाहुणे बाहेर पडतात आणि 'झाले' म्हणतात. मी त्यांना महाद्वारात थांबवतो आणि मागे वळून पाहायला लावतो. देवळाचे तोंड पश्चिमेला आहे. दर वर्षी नोव्हेंबरच्या 9, 10 आणि 11 तारखेला, तसेच 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारीला मावळतीचे ऊन या दारातून थेट गाभाऱ्यात शिरते. पहिल्या दिवशी ते देवीच्या चरणांपर्यंत पोचते, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर येते. निदान यावे अशी अपेक्षा असते. ज्यांनी हे देऊळ उभारले त्यांनी सूर्याचा रस्ता मोजला होता. आम्ही नंतर त्या रस्त्यात मजले चढवले, पाट्या टांगल्या. मग किरण अडू लागले, पाहण्या झाल्या, अडथळे शोधून हटवावे लागले. पाहुण्यांना मी हे सारे सांगतो. गावाची थोरवी सांगायची आणि आपली करणी झाकायची, हे मला पटत नाही. पाहुणा झाला तरी त्याला डोळे असतात!

तिथून टाऊन हॉल. 1872 ते 1876 या काळात चार्ल्स मॅन्ट या स्थापत्यकाराच्या आराखड्याप्रमाणे बांधलेली ही काळ्या दगडाची इमारत बाहेरून पाहून पुढे जाणारे पुष्कळ. आतल्या वस्तुसंग्रहालयात माझा एक फार जुना मित्र राहतो. तो उंचीने वीतभरही नाही, अंगाने ब्राँझचा आहे आणि जातीने ग्रीक. त्याचे नाव पोसायडन, समुद्राचा देव. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. 1945 च्या सुमारास तिथे उत्खनन झाले, त्या काळात तो सापडला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन व्यापाराच्या मालाबरोबर कोकणातल्या एखाद्या बंदरात उतरून, घाट चढून तो इथे आला असावा. मुंबईच्या आमच्या छोट्या भाचीने त्याच्याकडे टक लावून पाहिले आणि विचारले, "मामा, याला इथे करमतं का? इथे समुद्र कुठाय?" कोल्हापूरला आलेला पहिला पाहुणा कोण, ते मला सांगता येणार नाही, पण आल्यावर परत न गेलेल्यांत हा नक्कीच सर्वांत जुना. आमचे गाव घाटामागे आडबाजूला पडलेले, असे ज्यांना वाटते, त्यांना मी मुद्दाम त्याच्यापुढे उभे करतो.

यानंतर मंडळींना खासबागेत न्यावे. कुस्तीचे हे मैदान 1912 साली सुरू झाले. 1902 साली इंग्लंडला गेलेल्या शाहू महाराजांनी वाटेत रोममधले प्राचीन प्रेक्षागार पाहिले आणि त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. मध्ये लाल मातीचा हौदा आणि भोवती चढत गेलेली गोलाकार बैठक. कुठेही बसा, डाव दिसतो. मैदान रिकामे असेल तर पाहुणे क्षणभर निराश होतात. मी त्यांना सगळ्यांत वरच्या बाजूला बसवतो आणि म्हणतो, "आता इथून खालची माती पाहा." हमाल असो की जहागीरदार, आखाडा प्रत्येकाला पुरता दिसावा, एवढा विचार त्या उतारात आहे.

आणि त्याला पाठ लावून उभे होते ते नाट्यगृह. पॅलेस थिएटर म्हणून 1915 मध्ये ते उघडले. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. 1921 मध्ये मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर 'संयुक्त मानापमान' करणारे ते हेच केशवराव. मल्ल आणि नट पाठीला पाठ लावून नांदावेत, हे फक्त आमच्या गावालाच सुचले असेल! 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री हे नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी, 9 ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. छप्पर गेले, रंगमंच गेला, आसने गेली. त्या रात्री रस्त्यावर जमलेल्या गर्दीत डोळे पुसणारी वयस्क माणसे होती. कुणी तिथे पहिल्यांदा तोंडाला रंग लावला होता, कुणी बायकोला लग्नानंतरचे पहिले नाटक दाखवले होते. पुनर्बांधणीचे काम नंतर हाती घेण्यात आले. पण त्या आगीनंतर एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. दगडी वास्तूसुद्धा एका रात्रीत जाऊ शकते. मागे जे उरते, ते कुणीतरी कुणाला तरी आधी दाखवून, सांगून ठेवलेले असते तेवढेच. तेव्हापासून पाहुण्यांबरोबर मी घरातली मुलेही बरोबर घेतो. त्यांची कुरकुर कोल्हापुरी चपलेपेक्षा मोठी असते, तरी घेतो.

आता दसरा चौक. विजयादशमीला इथे सोने लुटतात, हे पाहुण्यांना ठाऊक असते. चौकाच्या आसपास वसतिगृहांच्या ज्या जुन्या इमारती आहेत, त्यांच्याकडे मात्र कुणी वळून पाहत नाही. 1901 मध्ये मराठा आणि जैन विद्यार्थ्यांसाठी, 1906 मध्ये मुसलमान विद्यार्थ्यांसाठी, 1908 मध्ये अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी, अशी एकामागून एक वसतिगृहे शाहू महाराजांच्या आश्रयाने या शहरात निघाली. आमच्या नागपूरच्या व्याह्यांनी इथे एकदा शंका काढली, "जात मोडायची होती, तर जातवार बोर्डिंगे कशाला?" शंका रास्त आहे. पण खेड्यातून शिकायला आलेल्या ज्या मुलाला शहरात कुणी खोली देत नव्हते, पंगतीला बसवत नव्हते, त्याला आधी डोक्यावर छप्पर आणि ताटात भाकरी हवी होती. 26 जुलै 1902 रोजी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या नोकऱ्या राखण्याचा हुकूम निघाला. त्या नोकऱ्या करायला शिकलेली मुले कुठून येणार, याचे उत्तर या इमारतींत होते. माझ्या वर्गात आज आजूबाजूच्या तालुक्यांतली जी मुले-मुली बसतात, त्यांच्यातल्या कितीजणांचे आजोबा-पणजोबा असल्या कुठल्या बोर्डिंगात राहून शिकले असतील, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. व्याही काही वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "हे तुमच्या यादीत वरती हवं."

शेवटचे ठिकाण असे, की तिथे पाहायला काहीच नाही. भाऊसिंगजी रोडवर गर्दीतून वाट काढत मी पाहुण्यांना एका बाजूला उभे करतो. याच रस्त्यावर गंगाराम कांबळे यांचे चहाचे हॉटेल होते. गंगाराम संस्थानच्या पागेत नोकर होते. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, पण गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला पैसेही दिले. हॉटेल निघाले. अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? महाराजांनी आपली गाडी त्या हॉटेलापुढे थांबवायला सुरुवात केली. ते स्वतः चहा घेत आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजत. राजाने घेतलेला कप नाकारायचा कसा? ज्यांना नाकारायचा होता, त्यांनीही तो घेतला.

आज तिथे ते हॉटेल नाही. वाहनांचे भोंगे आहेत आणि दुकानांच्या पाट्या आहेत. पण आमच्या पाहुणचाराची, तांबड्या-पांढऱ्याची, आग्रहाची एवढी वाखाणणी होते, तेव्हा मला नेहमी वाटते, की या शहरातला सर्वांत मोठा पाहुणचार त्या रस्त्यावर झाला. आणि तिथे राजा यजमान नव्हता, पाहुणा होता. कुणाला जेवू घालतो यावरून माणूस उदार ठरतो, हे खरे. पण कुणाच्या हातचे खातो यावरून तो मोठा ठरतो.

वाचकहो, तुमचे गाव कोल्हापूर नसेल. पण तुमच्याही गावात असा एखादा रस्ता, एखादी इमारत, एखादी रिकामी जागा असणारच. या दिवाळीत पाहुणे आले, की यादीतले सारे त्यांना खुशाल दाखवा. त्यांचे पाय दुखेपर्यंत खरेदी करू द्या. मात्र परतीच्या गाडीआधीचा एखादा तास त्या एका जागेसाठी राखून ठेवा आणि घरातल्या मुलांना बरोबर न्या. पाहुणे चार दिवसांनी जातील. गाव पुढे कुणाला तरी दाखवायचे आहे ते त्या मुलांनी.