डोंगर कुणाच्या बापाचा? रविवार, सायकल आणि आपली फुरसत

मागच्या रविवारी आम्ही केडगावातले सहाजण सायकलवर चांदबीबी महालाचा डोंगर चढून आलो. संध्याकाळी विहारात वंदनेला गेलो तेव्हा चळवळीतले एक ज्येष्ठ काका भेटले. नामांतराच्या लढ्यात पोलिसांच्या लाठ्या खाल्लेला माणूस. आमचा डोंगरावरचा फोटो त्यांच्या मोबाईलपर्यंत पोहोचला होता. म्हणाले, "काय रे पोरांनो, समाजावर रोज अत्याचार होतायत अन् तुम्ही डोंगरावर सायकली काय फिरवताय? हे श्रीमंतांचे चोचले आहेत. आपलं काम आहे का हे?"

काकांचा मान राखून आम्ही तेव्हा गप्प बसलो. पण प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. कारण हा प्रश्न एकट्या काकांचा नाही. आपल्या पोराने गिटार घेतली, पोरगी ट्रेकला गेली, कुणी कॅमेरा विकत घेतला की वस्तीत, घरात आणि चळवळीतही हाच प्रश्न विचारला जातो. म्हणून हे उत्तर सगळ्यांसमोर देत आहोत.

आधी त्या रविवारबद्दल. पहाटे साडेपाचला केडगावातून निघालो. स्टेशन रोडने सक्कर चौक, तिथून उड्डाणपुलाखालून पुढे, मग भिंगार आणि पाथर्डी रस्ता. जाऊन-येऊन 35 किलोमीटरच्या आसपास. सहाजणांत दोघांच्याच सायकली नव्या, बाकी जुन्या बाजारातल्या गिअरच्या. आमच्यात एकजण एमआयडीसीत कंत्राटी फिटर, एक मैत्रीण स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी, एक आमच्या सगळ्यांच्या सायकली दुरुस्त करून देणारा मुस्लिम दोस्त. पाथर्डी रस्ता सोडून डोंगराकडे वळलो आणि खरा चढ सुरू झाला. पाऊस सरत आलेला, दोन्ही बाजूंना कुसळी गवत, आणि मांड्यांमध्ये अशी आग की बोलायची सोय नाही. एका वळणावर फिटरच्या चाकात बाभळीचा काटा घुसला. ट्यूब काढून, थुंकी लावून भोक शोधून, पॅच मारून होईपर्यंत ऊन वर आले. मैत्रीण मात्र सगळ्यात हलका गिअर टाकून न थांबता वर पोहोचली आणि आम्हाला वरून हाका मारत राहिली.

या डोंगराला शहा डोंगर म्हणतात. वरची तीन मजली अष्टकोनी इमारत लोक चांदबीबीचा महाल म्हणून ओळखतात. प्रत्यक्षात ती मुर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. वरून अख्खे नगर दिसते. आता कागदोपत्री अहिल्यानगर झाले, पण आमच्या तोंडी नगरच आहे. वर बसून आम्ही मोजत होतो, आमच्या वस्तीतून इथे या आधी स्वतःच्या मर्जीने किती लोक आले असतील? मजुरीला आलेले, गुरांमागे आलेले, सरपणाला आलेले पुष्कळ. पण नुसते बसायला, बघायला?

इथूनच आमचा मुद्दा सुरू होतो.

काका म्हणतात, फुरसत हा श्रीमंतांचा चोचला आहे. आम्ही म्हणतो, ज्या रविवारी आम्ही डोंगर चढलो तो रविवारच मुळी चळवळीने मिळवलेला आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. महात्मा जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, वर्षानुवर्षे मागणी लावून धरली, तेव्हा 10 जून 1890 पासून रविवारची सुट्टी मिळाली. पुढे बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच काळात 1946 ची कारखाना कायद्यातील दुरुस्ती झाली आणि कामाचा आठवडा 48 तासांवर आला. म्हणजे ज्याला आज सगळे सहज 'वीकेंड' म्हणतात, त्याच्या पायाशी सत्यशोधक आणि आंबेडकरी चळवळीचा घाम आहे. ज्यांनी कमावले त्यांच्याच लेकरांनी तो वापरायचा नाही, हा कुठला न्याय?

बाबासाहेबांनी फुरसतीबद्दल विचारच केला नाही असे ज्यांना वाटते त्यांनी 1945 सालचा 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स' हा ग्रंथ काढून त्यातले गांधीवादावरचे प्रकरण वाचावे. गांधीजी यंत्राला विरोध करतात तेव्हा बाबासाहेब त्यांना विचारतात ते थोडक्यात असे, की यंत्र नसेल तर माणसाला फुरसत कुठून मिळणार, आणि फुरसत नसेल तर त्याच्यात आणि जनावरात फरक तो काय उरणार? संस्कृती, विचार, कला हे सगळे पोटाच्या कष्टातून मोकळ्या झालेल्या वेळेत जन्मते. जुन्या समाजात ही फुरसत मूठभरांकडे होती, आणि ती उरलेल्यांच्या श्रमावर उभी होती. म्हणून लोकशाही समाजाला यंत्र हवे, अधिक यंत्र हवे, अशी त्यांची भूमिका होती. सायकल हेही यंत्रच आहे. गरिबाच्या हाती आलेले सगळ्यात साधे यंत्र.

आता पायांबद्दल बोलू. आपल्या पणजोबा-खापरपणजोबांचे पाय कमी चालले का? महार वतनाच्या नावाखाली सरकारी टपाल पायी पोहोचवायचे, साहेबाच्या घोड्यापुढे धावायचे, साऱ्याची रक्कम तालुक्याला न्यायची, गावात कुणी मेले की परगावच्या सोयऱ्यांना वर्दी द्यायला रात्री-अपरात्री निघायचे. मोबदला म्हणजे तुटपुंजी जमीन आणि बलुत्याचे चार दाणे. त्या पायांवर मालकी गावाची आणि सरकारची होती. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदे मंडळात वतन कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच गुलामीविरुद्ध. आणि आपल्याच जिल्ह्यात, हरेगावला, डिसेंबर 1939 मध्ये वतनदारांची मोठी परिषद झाली ती याच प्रश्नावर. वतने कायद्याने गेली ती 1958 च्या कायद्यानंतर. म्हणजे आपले पाय आपल्या मालकीचे होऊन फार काळ लोटलेला नाही. कुणाचा हुकूम नाही, कुणाचे टपाल नाही, कुणाची वर्दी नाही, फक्त आपल्याला वाटले म्हणून आपण घाट चढतो, ही गोष्ट आपल्या इतिहासात नवी आहे. तिला चोचला म्हणण्याआधी हे लक्षात घ्या.

वाहनाचेही तसेच. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी सांगितलेला गोरेगावचा प्रवास आपण सगळ्यांनी वाचलेला आहे. जात कळल्यावर मसूर स्टेशनवर गाडीवान लहान भीमरावाला नेईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन तो कबूल झाला, पण गाडी पोरांनीच हाकायची या अटीवर. पुढे 1929 मध्ये चाळीसगावला टांगेवाल्यांनी नकार दिला, तेव्हा टांगा हाकण्याची सवय नसलेला आपलाच माणूस पुढे झाला, टांगा मोरीवरून जाताना अपघात झाला आणि विलायतेत शिकून आलेल्या बॅरिस्टरचा पाय मोडला. दुसऱ्याच्या गाडीत जागा मिळत नाही, तेव्हा स्वतःची गाडी आणि ती चालवायची अक्कल लागते. पुढे आपल्या वस्त्यांत पहिली सायकल आली तेव्हा लोकांनी तिला हार घातला. तो लोखंडाला नव्हता, कुणापुढे हात न पसरता कुठेही जाता येण्याला होता.

आणि सगळ्यात महत्त्वाची आठवण 1934 ची. चळवळीतले सहकारी बाबासाहेबांना म्हणाले, आपण सगळे मिळून फिरायला जाऊ. होय, फिरायला! सुमारे तीसजण निघाले. वेरूळची बौद्ध लेणी पाहायची होती, वाटेत दौलताबादचा किल्ला होता. प्रवासाने सगळे धुळीने माखलेले. किल्ल्याच्या दाराशी छोट्या हौदातल्या पाण्याने काहींनी हातपाय धुतले. तेवढ्यात, अस्पृश्यांनी हौद बाटवला, असा आरडाओरडा झाला. तिथले लोक मुसलमान होते. शेवटी वर जाऊ दिले, पण किल्ल्यात कुठे पाण्याला शिवू नयेत म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई देऊन. जातीचा रोग एका धर्माच्या कुंपणात राहत नाही, हा धडा बाबासाहेबांनी त्यातून सांगितला.

काका, बाबासाहेबांना तेव्हा कामे कमी होती का? आदल्या काही वर्षांत चवदार तळे, काळाराम मंदिर, गोलमेज परिषदा, पुणे करार. त्या धबडग्यातही ते सहकाऱ्यांसोबत सहलीला निघाले. आणि सहलीनेच दाखवून दिले की डोंगर, किल्ला, पाणी, रस्ता या निरुपद्रवी जागा नाहीत. तिथेही जात पहारा देत उभी असते.

हा प्रसंग आम्ही त्या दिवशी कबरीच्या पायरीवर बसून बोललो. आमच्या मुस्लिम दोस्ताने पूर्ण ऐकून घेतला. आपल्या समाजातही जाती आहेत हे त्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्याच्याच बाटलीतले पाणी तेव्हा सहाजणांत फिरत होते.

आता शिपाई उरलेला नाही, असे कुणी म्हणेल. त्या दिवशी वर एक दुसरा ग्रुप भेटला. सगळ्यांच्या अंगात एकसारख्या जर्सी, एकेकाची सायकल आमच्या फिटरच्या चार महिन्यांच्या पगाराएवढी. माणसे वाईट नव्हती. एकाने आमची घसरणारी चेन पाहून गिअरची तार नीट करून दिली. मग गप्पा. कुठून आलात? केडगाव. केडगावात कुठे? मग आडनाव. आडनाव सांगितले. क्षणभर शांतता, आणि नंतर हसून, "छान, छान. तुमच्यातली मुलंसुद्धा आता यात येतायत." त्या 'तुमच्यातली' या एका शब्दात 1934 चा शिपाई उभा होता. हातात हत्यार नाही, तोंडावर कौतुक आहे, पण काम तेच: हा डोंगर मुळात आमचा, तुम्ही पाहुणे.

समाजशास्त्रात वेब्लेनने 1899 मध्येच सांगून ठेवले की वरचा वर्ग फुरसतीचेही प्रदर्शन करतो आणि त्यातून आपला दर्जा सिद्ध करतो. आपल्याकडे त्यात जात मिसळते. भल्या पहाटे पेपर टाकणारा पोरगा, रात्रपाळी करून परतणारा वॉचमन, एमआयडीसीला जाणारा हेल्पर रोज सायकल मारतात. ती गरिबी. तेच अंतर महागड्या सायकलवर मारले की तो फिटनेस. घाम तोच, किंमत वेगळी.

पण मित्रहो, इथेच आपल्यालाही आरशात पाहावे लागेल. काकांच्या बोलण्यात एक खरे आहे. आपल्यातलाही नोकरदार वर्ग हळूहळू जर्सीवाला होऊ लागला आहे. वस्ती सोडायची, ग्रुप बदलायचा, आडनाव गिळायचे आणि डोंगरावर जाऊन 'जात कुठे राहिलीय आता' म्हणायचे. अशी सायकल काही कामाची नाही. त्या रविवारी आमच्यातला सातवा दोस्त आलाच नाही. तो घरोघरी पार्सल पोहोचवतो. रविवारी ऑर्डर जास्त असतात, सुट्टी घेतली की पैसे बुडतात. लोखंडेंनी 1890 मध्ये मिळवलेला रविवार त्याच्यापर्यंत अजून पोहोचलेला नाही, किंवा पोहोचून पुन्हा हिरावला गेला आहे. कंत्राटी फिटरलाही पाळी बदलून घेण्यासाठी सुपरवायझरच्या विनवण्या कराव्या लागल्या. फुरसतीचा प्रश्न हा असा थेट कामगारांच्या हक्काचा प्रश्न आहे. तो चळवळीच्या बाहेरचा कसा?

आणि सहाजणांत मुलगी एकच होती, याची लाज आम्हाला वाटली पाहिजे. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेत हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकलीला मोहिमेचाच भाग केले. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिले आहे. शिकणाऱ्यांत शेतमजूर होत्या, दगडखाणीत राबणाऱ्या होत्या. पुरुषांनी टिंगल केली, त्या थांबल्या नाहीत. बाजाराला, पाण्याला, शाळेत जायला कुणा पुरुषाची वाट पाहायची गरज उरली नाही. आपल्या वस्तीत मात्र मुलगी सायकलवर पहाटे निघाली की आजही चार घरांच्या खिडक्या उघडतात.

म्हणून आम्ही ठरवले आहे ते असे. विहाराच्या मागच्या खोलीत जुन्या सायकली जमवायच्या; पंप, पॅच, सोल्युशन तिथेच ठेवायचे. दोस्त दुरुस्ती शिकवायला तयार आहे. महिन्यातून एकदा डोंगर, आणि त्यात निम्म्या जागा मुलींच्या. वर पोहोचल्यावर अर्धा तास वाचन आणि चर्चा. सुरुवात 'वेटिंग फॉर अ व्हिसा'पासून. आणि कुणी आडनाव विचारले तर मोठ्याने सांगायचे, सोबत जयभीमही करायचा.

मोर्चा असेल त्या दिवशी डोंगर नाही. याबद्दल शंका नको. पण दमलेले, कोंडलेले, फक्त अत्याचाराच्या बातमीलाच एकत्र येणारे तरुण किती दिवस लढतील? आपल्याला फक्त दुःखात भेटायची सवय लागली आहे. आनंदातही संघटित व्हायला शिकावे लागेल.

पुढची फेरी आम्ही रविवारी काढणार नाही. सातव्या दोस्ताला मंगळवारी काम कमी असते, म्हणून मंगळवारी निघू. जो कामावर त्याचा खाडा आम्ही भरून काढू, सवड नसणाऱ्यासाठी वार बदलू. काका, तुम्हीही या. गुडघे दुखतात हे माहीत आहे, वरपर्यंत रस्ता आहे, मोटारसायकलवर मागे बसवून आणू. वर बसून तुम्ही आम्हाला नामांतराचे दिवस सांगा. खाली नगर दिसेल, आपली वस्तीही दिसेल. मग तुम्हीच सांगा, हा डोंगर कुणाच्या बापाचा?

जयभीम!