तोतया घड्याळें

पोस्टाचीं तिकिटें, जुनीं नाणीं, आगपेट्यांवरील छाप यांचा संग्रह करणारीं मुलें आपणां सर्वांच्या परिचयाचीं आहेत. अलीकडे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या बाजूंच्या कांहीं घरांतून एक निराळाच छंद आमच्या पाहण्यांत आला. रविवारचीं जेवणें आटोपलीं कीं बाहेरच्या खोलींतील टेबलावर पांढरा कागद अंथरावयाचा, डोळ्यास भिंग लावावयाचें आणि मनगटी घड्याळ पुढें घेऊन बसावयाचें. बरें, तें घड्याळ बिघडलेलेंच असतें असें नाहीं. पुष्कळदां तें अद्याप जन्मासच आलेलें नसतें. यंत्र एका पुडींत, तबकडी दुसरींत, कांटे तिसरींत, अशा रीतीनें टपालानें आलेले भाग जुळवून एखाद्या नामांकित स्विस घड्याळाची हुबेहुब प्रतिकृति उभी करावयाची, आणि सोमवारीं ती मनगटावर बांधून कचेरींत जावयाचें!

मुलुंडच्या एका वाचक-भगिनींनीं याच नादासंबंधीं आमचें मत विचारलें आहे. घर एकत्र कुटुंबाचें, पानावर तेरा माणसें. धाकट्या दिरांचा मुलगा नुकताच इंजिनियर झाला. त्याला हा छंद. त्याच्या चुलत बहिणीचें लग्न मार्गशीर्षांत आहे, आणि नव्या जावयास देण्याकरितां त्यानें स्वहस्तें एक घड्याळ जुळविलें आहे. तबकडीवर नांव आहे एका जगप्रसिद्ध कंपनीचें. 'खऱ्यास कांहीं लाख पडले असते, आणि ओळखणार कोण?' असें घरांतील निम्म्या मंडळींचें म्हणणें. थोरल्या भावजींना मात्र हें मुळींच पसंत नाहीं. दुसरा पेंच याहून नाजूक आहे. कैलासवासी मामंजींचें वेस्ट एंड कंपनीचें घड्याळ सासूबाईंच्या पेटींत आहे. तबकडी काळवंडली आहे, कांटे बंद आहेत. नातू म्हणतो, नवी तबकडी बसवून आजोबांचें घड्याळ लग्नांत घालीन. सासूबाई कांहींच बोलत नाहींत, पेटीची किल्ली मात्र देत नाहींत.

आमचें मत देण्यापूर्वीं या छंदाविषयीं चार शब्द बोललेच पाहिजेत. कारण ज्या घरांत त्याची केवळ थट्टा होते, तेथें त्यांतील विद्या कोणी पाहिलेली नसते. किल्लीचें घड्याळ म्हणजे गुंडाळलेल्या पोलादी कमानीची शक्ति थेंबाथेंबानें खर्च करण्याची युक्ति होय. कमान चक्रांना ढकलते. चक्रें धांवत सुटूं नयेत म्हणून त्यांच्या वाटेवर एक इवलीशी पहारेकरीण बसविलेली असते, ती दर ठोक्याला एकच दांता पुढें सोडते. आणि तिला हुकूम देतें तें पुढें-मागें झुलणारें चाक व त्याची केंसासारखी बारीक कमान. बंगळूरास १९६१ सालीं जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानें 'एचएमटी'चा घड्याळांचा कारखाना निघाला. त्याच्या 'जनता' या घड्याळांत १७ खडे आणि तासाला १८,००० ठोके. म्हणजे एका दिवसांत चार लाख बत्तीस हजार! त्या मानानें दिवसाला वीस सेकंदांची चूक म्हणजे ४,३२० त एक. इतक्या अचूकपणानें व्यवहार करणारें माणूस आमच्या पाहण्यांत नाहीं. हें यंत्र उघडून, धुऊन, प्रत्येक सांध्याला योग्य तेवढाच तेलाचा बिंदु देऊन पुन्हां चालतें करणें ही हातांची, डोळ्यांची आणि मुख्यतः स्वभावाची परीक्षा आहे. एक स्क्रू जमिनीवर उडाला कीं घरभर केरसुणीस बंदी होते, हा त्रास गृहिणींनीं सोसावा अशी आमची शिफारस आहे.

शिवाय ही विद्या मुंबईस नवी नव्हे. वेस्ट एंड कंपनीचा जन्मच एकोणिसाव्या शतकांत मुंबईच्या बाजारपेठेसाठीं झाला, आणि तिचें 'सोवार' हें घड्याळ लष्करांतील व रेल्वेंतील माणसांच्या मनगटावर दिसे. फाव्र-ल्यूबा या स्विस घराण्याचा हिंदुस्थानशीं संबंध १८६५ पासूनचा. या घड्याळांच्या दुरुस्तीवर घड्याळज्यांच्या पिढ्या पोसल्या. पुढें १९८४ त टायटन कंपनी निघाली, पेटीवर चालणारीं क्वार्ट्‌झ घड्याळें घरोघर आलीं, किल्लीचीं घड्याळें खणांत पडलीं, आणि जानेवारी २०१६ मध्यें केंद्र सरकारनें एचएमटीची घड्याळ-कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. खणांतील घड्याळें भंगारांत गेलीं आणि भंगारांतून कारागिरांच्या हातीं आलीं. तीन मेलेल्यांतून एक जिवंत करण्याची कला त्यांना होतीच. आतां त्यांवर नवे रंग चढूं लागले. फिकट तबकडी पुसून तेथें लाल, निळी, नारिंगी तबकडी छापावयाची, वर जुनें नांव—कधीं कधीं चुकीच्या स्पेलिंगसह—घालावयाचें, आणि माल परदेशीं धाडावयाचा. तिकडच्या संग्राहकांनीं या मालास 'मुंबई स्पेशल' असें नांव ठेविलें आहे. तें गौरवाचें नाहीं, हें सांगावयास नकोच. एचएमटीच्या काळ्या तबकडीच्या 'पायलट' घड्याळाचे जे नाना रंगांचे अवतार विक्रीस दिसतात, त्यांतील पुष्कळ याच कुळांतले.

या कारागिरांविषयीं आमच्या मनांत तिरस्कार नाहीं. मेलेलें यंत्र चालविणारा हात आदरासच पात्र आहे. खटकतें तें एकच: नांव.

पेशवाईंतील तोतयाचें प्रकरण वाचकांस आठवत असेलच. १७६१ सालीं पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ आपणच, असें म्हणून एक मनुष्य पुढें आला. मोठमोठीं माणसें त्याच्यामागें लागलीं. आणि अखेर १७७६ मध्यें त्यास देहान्त शिक्षा झाली. चेहरा भाऊसाहेबांसारखा असणें हा कांहीं त्याचा गुन्हा नव्हता. तसे चेहरे घेऊन दहा माणसें पुण्यांत सुखानें हिंडलीं असतीं. नांव घेतलें तेथें घात झाला. घड्याळांची गोष्ट अगदीं अशीच आहे. यंत्राच्या शोधावरील पेटंट वीस वर्षांनीं संपतें आणि मग ती विद्या सर्वांची होते. म्हणूनच एकाच्या यंत्रासारखें यंत्र दुसरा उघडपणें बनवितो, आणि त्यांत कोणास लाज वाटत नाहीं. नांवाचा हक्क मात्र दर दहा वर्षांनीं नव्यानें नोंदवून कितीही काळ राखतां येतो. नांवाची ही चोरी जुनीच आहे. अठराव्या शतकांत लंडनच्या कारागिरांचीं नांवें कोरलेलीं घड्याळें युरोपांत इतरत्र तयार होत. पॅरिसचा विख्यात घड्याळजी ब्रेगे नकलांनीं इतका त्रासला कीं १७९५ च्या सुमारास त्यानें तबकडीवर गुप्त सही कोरण्यास आरंभ केला. ती इतकी सूक्ष्म असे कीं प्रकाश तिरपा पाडल्यावांचून दिसूं नये.

आपल्याकडील १९९९ चा ट्रेडमार्क कायदा खोटी निशाणी लावणारास, आणि तसला माल विकणारास किंवा विक्रीकरितां बाळगणारासही, सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगतो. स्वतःच्या मनगटावर मिरविणाराविषयीं आमचा कायदा एवढा कडक नाहीं. स्वित्झर्लंड मात्र २००८ पासून प्रवाशाच्या हातावरील एकटें नकली घड्याळदेखील जप्त करूं शकतें. तरुण मंडळी याचा अर्थ 'मग आपल्या देशांत हरकत नाहीं' असा करतात. कायद्याची हरकत किती आहे हें वकिलांस विचारावें. आम्हांस विचारलें आहे तें घरांतल्या हरकतीविषयीं.

येथें एक जुनी गंमत सांगण्यासारखी आहे. १९०६ पासून देशभर स्टँडर्ड टाइम सुरू झाला, परंतु मुंबईनें आपला 'बॉम्बे टाइम' हट्टानें पुढें कित्येक वर्षें चालविला. दोहोंत सुमारें एकूणचाळीस मिनिटांचें अंतर! एकाच शहरांत दोन वेळा. आमंत्रण आलें कीं कोणता टाइम तें विचारून घ्यावें लागे. गैरसोय अतोनात, पण फसवणूक कोणाची झाली नाहीं, कारण प्रत्येक वेळ आपलें नांव सांगून चाले.

आतां जावयाच्या भेटीकडे वळूं. त्या पत्रांतील मंडळींनीं 'ओळखणार कोण?' असें विचारलें आहे. आमच्या मतें ओळख पटण्याचा दिवस ठरलेलाच आहे. किल्लीच्या किंवा आपोआप भरणाऱ्या घड्याळास कांहीं वर्षांनीं धुणें व तेल लागतेंच. त्या दिवशीं जावई मोठ्या विश्वासानें तें कंपनीच्या दुकानांत नेईल. पाठीमागचें झांकण उघडल्यावर तेथील माणूस तें सौम्य शब्दांत परत करील. जावई सभ्य असेल, घरीं येऊन बोलणारही नाहीं. परंतु त्या दिवसापासून त्या मुलीच्या माहेरच्या प्रत्येक वस्तूकडे, तिच्या दागिन्यांकडे सुद्धां, सासरची दृष्टि किंचित् निराळी होईल. तिला याचें कारण कधींच कळणार नाहीं. बचत घरानें केली आणि किंमत तिनें भरली, असा हा व्यवहार आहे. थोरल्या भावजींचा विरोध आम्हांस योग्य वाटतो. मात्र 'असलीं कामें कारागिरांचीं, इंजिनियराचीं नव्हेत' हें जें कारण ते देतात, तें योग्य वाटत नाहीं.

मुलाची मेहनत फुकट घालवूं नये. त्यानें वापरलेलें यंत्र जपानी सायको समूहाचें 'एनएच ३५' आहे असें पत्रांत दिसतें. २४ खडे, तासाला २१,६०० ठोके, एकदां भरल्यावर सुमारें ४१ तासांची चाल; उत्तम माल, आणि दुसऱ्यांच्या घड्याळांत बसविण्याकरितांच तो राजरोस विकला जातो. तेव्हां यंत्र खरें, जुळणी खरी, पोलादी पेटी खरी; खोटी आहे ती इंचभर तबकडीवरील एक ओळ. तबकडी बदलावी. बिननांवाच्या कोऱ्या तबकड्या मिळतात. ती बसवावी आणि मागच्या झांकणावर लग्नाची तिथि कोरून घ्यावी. पूर्वीं लग्नघटिका पाहण्यासाठीं पाण्यांत छिद्राचें घटिकापात्र सोडीत. तें चोवीस मिनिटांनीं बुडे. कोणाच्या कारखान्याचें तें, हें कोणत्याही व्याह्यानें विचारल्याचें आम्हीं ऐकलेलें नाहीं.

सासूबाईंच्या पेटींतील घड्याळाविषयीं मात्र आम्ही अधिक आग्रहानें लिहितों, कारण तेथें केवळ मानापमानाचा प्रश्न नाहीं. त्या काळच्या पुष्कळ घड्याळांचे आंकडे व कांटे अंधारांत चमकण्याकरितां रेडियमच्या रंगानें रंगवीत. रंगांतील चमकणारें द्रव्य कांहीं दशकांत थकतें, म्हणून अंधारांत तबकडी काळी दिसते आणि आपण समजतों, रेडियम संपलें. रेडियम संपत नाहीं. तें निम्में व्हावयास सुमारें सोळाशें वर्षें लागतात. १९२० च्या दशकांत अमेरिकेंतील ज्या मुली कुंचल्याचें टोंक ओंठांनीं बारीक करून असल्या तबकड्या रंगवीत, त्यांचे जबडे झडले, कित्येक मृत्यु पावल्या. पेटींत मिटलेलें घड्याळ जवळ ठेवल्यानें घाबरण्यासारखें कांहीं नाहीं. भय आहे तें रंग खरवडण्यांत, त्याची धूळ श्वासावाटे आंत जाण्यांत. ज्या टेबलावर दुपारीं मुलें पोहे खातात, त्यावर जुनी तबकडी पुसावयास बसूं नये. काळवंडलेली तबकडी आहे तशीच राहूं द्यावी. कांटेही अनुभवी घड्याळज्याच्या हातूनच काढावे.

आणि खरें पाहिलें तर त्या काळवंडण्यांतच मामंजी आहेत. नवी तबकडी चढविली म्हणजे मनगटावर घड्याळ येईल, आजोबा येणार नाहींत. सासूबाईंस हें शब्दांनीं सांगतां येत नसेल, म्हणून त्यांनीं किल्ली धरून ठेविली. नातवानें तबकडीविषयीं वचन द्यावें आणि यंत्राविषयीं परवानगी मागावी, एवढेंच आम्हीं त्या भगिनींस कळविलें.

त्यांचें दुसरें पत्र परवां आलें. किल्ली मिळाली. कमान तुटली होती, ती बदलली. तबकडी व कांटे घड्याळज्यानें काढून झांकून ठेविले आणि काम होतांच पूर्ववत् बसविले. झांकणाच्या आंतल्या अंगास जुन्या दुरुस्त्यांचे टोंकानें कोरलेले बारीक आंकडे निघाले. घड्याळजी अशा खुणा ठेवीतच असतात. त्यांतील एक साल थोरल्या भावजींच्या मुंजीचें, हें सासूबाईंनीं ऐकल्याबरोबर सांगितलें. भावजी आतां रोज सकाळीं आठाच्या बातम्यांबरोबर तें लावून पाहतात. घड्याळ दिवसाला चाळीस सेकंद पुढें जातें अशी त्यांची तक्रार आहे. मोबाइलच्या झांकणांतील चुंबकाजवळ ठेवल्यास केंसासारख्या कमानीचे वेढे एकमेकांस चिकटतात आणि चाल वाढते. तेव्हां प्रथम होकायंत्राची सुई जवळ धरून पाहावी, आणि ती हलली नाहीं तरच नियंत्रकास हात लावावा, असें आम्हीं लिहून पाठविलें आहे.