नांदणारीचे मन कोणी लिहायचे?

मराठी कथा-कादंबरीतली मुस्लिम बाई आम्हाला आता पाठ झाली आहे. ती एक तर तोंडी तलाकने रस्त्यावर येते, नाही तर सवतीपायी खंगते, नाही तर कोठ्यावर गाते. चौथी बाई क्वचितच भेटते. तिला कोणी टाकलेले नाही, कोणी मारलेले नाही. नवरा नमाजी आहे, कमावता आहे. तरीही तिचे मन त्या घरात रमलेले नाही. अशा बाया नसतात काय? छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादच्या, रोशन गेटला, किराडपुऱ्यात, बुढीलेनच्या बोळांत त्या आहेत. साहित्यात मात्र त्यांना जागा नाही. आमचे भांडण आहे ते याच्याशी.

मराठीला हा विषय नवा नाही. विभावरी शिरूरकर या टोपणनावाने बाळूताई खरे (पुढे मालतीबाई बेडेकर) यांनी 1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' काढले आणि पुढच्याच वर्षी 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी लिहिली. तिची नायिका अचला शिकलेली आहे, नवऱ्यापासून तुटलेली आहे, आणि तरीही तिला प्रेम हवे आहे, मूल हवे आहे. त्या काळी तिच्यासाठी घटस्फोटाचे दार बंद होते. मुंबई इलाख्यात हिंदूंसाठी तसा कायदा 1947 साली आला आणि देशासाठी 1955 साली. शिरूरकरांच्या लेखनावर गदारोळ उठला. पण सभ्य घरातल्या बाईच्या ओठावर न येणारे मागणे त्यांनी मराठीत नोंदवून ठेवले, ते कायमचे. अचलाशी लोक भांडले, म्हणजे तिला मन आहे हे तरी त्यांनी मान्य केले.

आता आमच्याकडे पाहा. अचलाला जे दार नव्हते, ते आमच्या बाईला दीनने केव्हाच दिले होते. हदीसमध्ये साबित बिन कैस यांच्या पत्नीची हकिकत आहे. ती पैगंबर साहेबांकडे (स.) आली. नवऱ्याच्या वागणुकीत किंवा दीनदारीत तिने खोट काढली नाही. त्याच्याबरोबर नांदणे आपल्याला जमत नाही, एवढेच सांगितले. मेहेरमध्ये मिळालेली बाग परत द्यायला ती तयार झाली आणि मोकळी झाली. आधी मार खाल्ल्याचा पुरावा आण, असे तिला कोणी म्हटले नाही. मन नाही, हे कारण पुरले. याचेच नाव खुला.

आज काय चित्र आहे? 1939 च्या कायद्याने मुस्लिम बाईला कोर्टातून निकाह तोडायची कारणे दिली. नवरा बेपत्ता असणे, खर्च न देणे, तुरुंगात असणे, छळ करणे. मन रमत नाही, याचे नाव त्या यादीत नाही. मोहल्ल्याच्या यादीत तर नाहीच. खुला मागणाऱ्या मुलीला पहिला सवाल येतो, "त्याचा कसूर काय?" दुसरा सवाल तिच्या पाठीमागे होतो, आणि तो तिच्या चारित्र्याचा असतो.

हमीद दलवाईंनी 1966 साली मुंबईत सात मुस्लिम बायांचा मोर्चा काढला. 2017 साली सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, 2019 साली कायदा आला. प्रश्न खरा होता, हे आम्ही नाकारत नाही. पण सुधारणावाले आणि त्यांचे विरोधक, दोघेही तलाकपाशीच अडून राहिले. पुरुषाने बाईला कसे सोडू नये, यावर कायदा झाला. बाईला पुरुष नकोसा का होतो, यावर कथा शोधावी लागते.

उर्दूत तसे नाही. इस्मत चुगताईंनी 1942 साली 'लिहाफ'मध्ये नवाबाच्या हवेलीतली उपेक्षित बेगम उभी केली. लाहोरच्या कोर्टात खटला झाला, त्या सुटल्या, कथाही टिकली. वली आणि सिराज यांच्या या शहरात, जिथून मौलवी अब्दुल हकांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे काम चालवले, तिथे हे वाचणारे कमी नाहीत. मराठीत मलिका अमर शेख यांनी 1984 साली 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' लिहून आपला संसार उघडा मांडला. पण ते आत्मकथन. कादंबरीतली नायिका अजून यायची आहे.

आमच्यातले काही म्हणतील, समाज आधीच बदनाम आहे, घरातले बाहेर कशाला? त्यांना आमचा उलट सवाल आहे. बदनामी कशाने झाली? बाई फक्त पीडित म्हणून दिसली, म्हणूनच ना? बीबी का मकबरा पाहायला दुनिया येते. 1657 साली वारलेल्या दिलरास बानू बेगम यांच्या कबरीवर ती इमारत उभी आहे. बेगमच्या मनात काय होते, हे दगड सांगत नाहीत. बाईची कबर सजवायची आणि तिचे मन झाकायचे, यालाच आपण इज्जत म्हणायचे काय?

1990 साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, ते मराठीला आमचे जगणे ठाऊक नाही म्हणून. ती तक्रार रास्त होती. आता तोच न्याय घराच्या आतही लागू करा. ज्या समाजाच्या बाईला साहित्यात मन नाही, त्या समाजाला माणूस म्हणून कोण ओळखणार? साबित यांच्या पत्नीला जे मदिनेत बोलता आले, ते आमच्या नायिकेला मराठीत बोलता आले पाहिजे. आणि ते लिहिणारी लेखणी बाईचीच असेल, तर अधिक चांगले.