पाच माणसं, एक बंगला आणि भुताच्या गोष्टी

भयकथा लिहिणाऱ्यांसाठी खास 'रेसिडेन्सी' असते, हे ऐकून आपल्याकडे अनेकांना हसू येईल. घाबरवणारं लिहायचं तर त्यासाठी मुद्दाम कुठे राहायला कशाला जायचं? परसातली विहीर, अमावास्येची रात्र आणि आजीच्या तोंडून ऐकलेली हडळ, एवढं भांडवल तर प्रत्येक मराठी घरात असतंच की!

भांडवल असतं, हे खरं. नसतो तो वेळ. आणि रेसिडेन्सी म्हणजे दुसरं-तिसरं काही नाही, लेखकाला दिलेला वेळच. काही आठवडे राहायला खोली, दोन वेळचं जेवण, आणि दिवसभर कुणी हाक मारणार नाही याची हमी. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात 'मॅकडॉवेल' नावाची अशी जागा १९०७ पासून चालू आहे. जंगलात विखुरलेल्या छोट्या झोपड्या, प्रत्येकीत एकच लेखक किंवा कलावंत. दुपारचं जेवण टोपलीत भरून दाराबाहेर ठेवून जातात, म्हणजे आतल्या माणसाची तंद्री मोडत नाही. प्रत्येक झोपडीत लाकडी फळ्या टांगलेल्या असतात. तिथे राहून गेलेला प्रत्येक जण त्यांवर आपलं नाव लिहून जातो. या फळ्यांना तिथली मंडळी काय म्हणतात ठाऊक आहे? 'थडगी'! रात्री एकट्यानं झोपायचं आणि समोर गेलेल्यांच्या नावांची रांग. भयकथा सुचायला आणखी काय हवं?

न्यूयॉर्क राज्यातल्या 'याडो'ची गोष्ट याहून गंभीर आहे. स्पेन्सर आणि कॅटरिना ट्रास्क या श्रीमंत जोडप्याची चारही मुलं लहानपणीच वारली. वारस उरला नाही, तेव्हा त्यांनी आपला भलामोठा वाडा कलावंतांना द्यायचं ठरवलं. १९२६ पासून तिथे लेखक येऊन राहू लागले. ज्या घरात मुलांचे आवाज थांबले, तिथे गोष्टी जन्माला येऊ लागल्या.

पण भयकथांची सगळ्यांत गाजलेली 'रेसिडेन्सी' याच्याही खूप आधी, १८१६ साली भरली. तिला ना अर्ज होता, ना निवड समिती. होता फक्त न थांबणारा पाऊस.

उन्हाळा हरवला तेव्हा

एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या सुम्बावा बेटावर तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. त्यातून उडालेले सूक्ष्म कण वातावरणात वर जाऊन जगभर पसरले आणि त्यांनी सूर्याची ऊब अडवली. पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा आलाच नाही. पिकं कुजली, धान्य महागलं, गरिबांची उपासमार झाली. इतिहासात ते 'उन्हाळ्याविना वर्ष' म्हणूनच ओळखलं जातं.

त्याच वर्षी इंग्लंडमधून पाच तरुण माणसं स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराकाठी आली. कवी लॉर्ड बायरन, वय २८, कीर्ती आणि बदनामी दोन्हींनी वेढलेला. त्याचा डॉक्टर जॉन पॉलिडोरी, वय २०. कवी पर्सी शेली, वय २३. त्याच्यासोबत मेरी, वय १८, आणि मेरीची सावत्र बहीण क्लेअर, तीही १८ वर्षांची. बायरननं 'व्हिला दिओदाती' हा बंगला भाड्यानं घेतला होता. शेली मंडळी जवळच्याच एका घरात राहत होती. सहलीला, नौकाविहाराला आलेली ही मंडळी पावसामुळे दिवसच्या दिवस बंगल्यात अडकली.

करमणूक म्हणून त्यांनी जर्मन भुताच्या गोष्टींचं एक फ्रेंच पुस्तक मोठ्यानं वाचायला घेतलं. बाहेर विजा, आत मेणबत्त्या. एके रात्री बायरननं एक भयाण कविता म्हटली, तेव्हा पर्सी शेली किंचाळत खोलीबाहेर धावला. पॉलिडोरीनं त्याच्या तोंडावर पाणी मारून त्याला शांत केलं, असं त्याच्या रोजनिशीत आहे. अशाच एका संध्याकाळी बायरननं टूम काढली, प्रत्येकानं एक भुताची गोष्ट लिहायची.

दोघं मोठे कवी होते. त्यांनी सुरुवात केली आणि लवकरच कंटाळून सोडून दिलं. मेरीला मात्र काही सुचेना. रोज सकाळी तिला विचारलं जाई, गोष्ट सुचली का? आणि रोज तिला खाली मान घालून नाही म्हणावं लागे. मग एका रात्री गप्पांचा विषय निघाला, जीव म्हणजे नक्की काय? मेलेल्या देहात विजेनं प्राण फुंकता येतील का? मेरी बहुतेक वेळ ऐकतच होती. त्या रात्री अर्धवट झोपेत तिला दिसलं, एक विद्यार्थी आपणच जुळवलेल्या देहापुढे गुडघे टेकून बसलाय, आणि तो देह हलतोय. 'फ्रँकेन्स्टाइन'चं बीज असं पडलं.

भीती कुठून आली?

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. पण त्या अर्धवट झोपेच्या मागे काय होतं, ते पाहायला हवं.

मेरीची आई तिच्या जन्मानंतर काही दिवसांतच गेली होती. १८१५ च्या फेब्रुवारीत मेरीला दिवस भरण्याआधीच मुलगी झाली आणि दोन आठवडेही जगली नाही. त्यानंतर मेरीनं रोजनिशीत एक स्वप्न नोंदवलं आहे. बाळ मेलेलं नव्हतंच, नुसतं गारठलं होतं. शेकोटीपुढे अंग चोळलं आणि ते पुन्हा जिवंत झालं. मग जाग आली.

आता सांगा, मेलेल्यात पुन्हा प्राण आणण्याची गोष्ट त्या बंगल्यात दुसरं कोण लिहू शकलं असतं? बायरनला भुतं पुस्तकातून भेटत होती. मेरीनं मृत्यू मांडीवर घेतला होता. चांगली भयकथा आपल्याला घाबरवते, कारण तिच्या तळाशी कुणाचं तरी खरं दुःख असतं. रक्त, कवट्या आणि करकरणारी दारं हा वरचा साज.

आणखी एक बाब. १८१६ मध्ये मेरीच्या कडेवर पाच महिन्यांचा मुलगा होता, विल्यम. त्याला सांभाळायला तिथे एक स्विस मुलगी ठेवलेली होती. म्हणूनच मेरी रात्री उशिरापर्यंत गप्पा ऐकत बसू शकली. साहित्याच्या इतिहासात या मुलीला जागा नाही. पण लिहिणाऱ्या बाईच्या मागे बाळ धरणारे दोन हात लागतात, हे आपल्या घराघरांत वेगळं सांगायला नको.

सरोवराकाठी पडलं ते बीज, कादंबरी घरीच लिहिली गेली. शेली मंडळी सप्टेंबरमध्ये इंग्लंडला परतली. पुढच्या काही महिन्यांत मेरीची सावत्र बहीण फॅनी आणि पर्सीची पहिली पत्नी हॅरिएट, दोघींचे मृत्यू झाले. मेरी-पर्सीचं लग्न झालं. मेरी पुन्हा गरोदर राहिली. हे सगळं चालू असताना, रांगत्या मुलाला सांभाळत, तिनं १८१७ च्या वसंतात कादंबरी पुरी केली. १ जानेवारी १८१८ रोजी ती छापून आली, अवघ्या ५०० प्रती आणि लेखकाचं नाव नाही. प्रस्तावना पर्सीची होती, त्यामुळे पुस्तकही त्याचंच असणार असं अनेकांनी धरलं.

उरलेले दोघे

पाचांपैकी पॉलिडोरीला सगळे थट्टेवारी नेत. बायरननं सोडून दिलेल्या तुकड्यावरून त्यानं एक कथा रचली, 'द व्हॅम्पायर'. रक्त पिणारा, पण दिसायला रुबाबदार आणि खानदानी सरदार, ही कल्पना इंग्रजी कथेत तिथून रुजली. १८९७ मधल्या 'ड्रॅक्युला'चा हा पूर्वजच. १८१९ मध्ये ही कथा एका मासिकात छापली गेली, तीही बायरनच्या नावावर! कथा माझी आहे, हे सांगता सांगता पॉलिडोरी थकला. १८२१ मध्ये, वयाच्या २५ व्या वर्षी, तो गेला.

आणि क्लेअर? ती बायरनच्या कवितांच्या स्वच्छ प्रती काढून देत होती आणि त्याच्याच बाळाची आई होणार होती. बंगला तोच, पाऊस तोच, पण कोणत्या मनःस्थितीत बसून लिहायचं, हे प्रत्येकासाठी वेगळं होतं. नुसती खोली मिळून भागत नाही. डोक्यावरचा घोर थोडा वेळ तरी कुणी उतरवून घ्यावा लागतो.

एक रात्रही पुरते

महिनाभराची सोय नसली तरी कधी कधी एक रात्र पुरते. १९७४ च्या शरदात स्टीफन किंग पत्नीसह कोलोरॅडोतल्या 'स्टॅनले हॉटेल'मध्ये उतरला. हिवाळ्यासाठी हॉटेल बंद होण्याच्या बेतात होतं. एवढ्या मोठ्या इमारतीत पाहुणे हे दोघंच. खोली क्रमांक २१७. त्या रात्री किंगला स्वप्न पडलं, आपला छोटा मुलगा लांबलचक बोळातून किंचाळत पळतोय आणि आग विझवायचा रबरी पाइप त्याच्या मागे लागलाय. तो घामाघूम होऊन उठला. सकाळपर्यंत 'द शायनिंग'चा सांगाडा त्याच्या मनात तयार होता. १९७७ मध्ये कादंबरी आली. इथेही बघा, हॉटेल हे निमित्त. खरी भीती बापाची आहे, आपल्या लेकराला काही होईल याची. आणि त्याहून खोल भीती, ते आपल्याच हातून होईल याची.

आपल्याकडे काय होतं?

मराठी भयकथेला जंगलातली झोपडी मिळाली नाही. तिला मिळाला दिवाळी अंक. १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकानं ही प्रथा सुरू केली, आणि पुढे रहस्य-गूढ-भयकथा या अंकांमधून घरोघरी गेल्या. फराळाच्या ताटाशेजारी भुताची गोष्ट! संपादकाला शब्द दिलेला असतो, अंक छापायला जायची तारीख डोक्यावर असते, तेव्हा नोकरी-संसार सांभाळूनही कथा लिहून होतेच.

नारायण धारपांनी याच वाचकांसाठी शंभराच्या घरात पुस्तकं लिहिली. पाश्चात्त्य भयकथांचा साचा त्यांनी कोकणातल्या, पुण्यातल्या घरांत असा बसवला, की भीती परकी वाटेना. २०१८ च्या 'तुंबाड' या हिंदी चित्रपटामागेही त्यांच्या एका कथेची प्रेरणा होती. रत्नाकर मतकरींनी तर १९७८ पर्यंत सुमारे वीस वर्षं बँकेत नोकरी केली. दिवसा खातेवह्या, उरलेल्या वेळात गूढकथा आणि नाटकं. 'अलबत्या गलबत्या'मधल्या ज्या चेटकिणीला बघून मुलं खुर्चीत उड्या मारतात, तीही त्यांचीच. त्यांच्या कथांमध्ये भूत फारसं दिसत नाही. शेजारचं, ओळखीचं माणूसच हळूहळू अनोळखी होत जातं.

घरच्या घरी 'व्हिला दिओदाती'

आता तुमच्याकडे वळते. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला किंवा बंगळुरूला, पावसाळ्यातले तीन दिवस काढता येतील ना?

पहिल्या संध्याकाळी चार-पाच जणांनी एकत्र बसा आणि एक भयकथा मोठ्यानं वाचा. आळीपाळीनं वाचा, फोन दुसऱ्या खोलीत. अगदी लहान मुलं झोपल्यावर सुरुवात करा, थोड्या मोठ्यांना जरूर बसवा. दुसऱ्या संध्याकाळी प्रत्येकानं एकच सांगायचं, मला खरोखर कशाची भीती वाटते? भूत, पाल, झुरळ ही उत्तरं पहिल्या फेरीत येतील. येऊ द्या. दुसऱ्या फेरीत कुणी म्हणेल, फोन रात्री दोनला वाजण्याची. कुणी म्हणेल, आई मला ओळखेनाशी होईल याची. तिथे थांबा, गोष्ट तिथेच आहे. तिसऱ्या दिवशी प्रत्येकानं दोन तास एकट्यानं लिहायचं. कोणत्या भाषेत, किती चुका होतात, याचा विचार नको.

एक अट मात्र कडक पाळा. घरात जिच्यावर स्वयंपाक, मुलं, आजारी माणूस यांचा भार असेल, तिचे ते दोन तास दुसऱ्या कुणीतरी उचलायचे. कुकर कुणी लावायचा हे आधीच ठरवा. ताट झाकून तिच्या दाराबाहेर ठेवा, आणि हाक मारू नका.

लिहून झाल्यावर प्रत्येकानं आपल्या कागदावर आपलं पूर्ण नाव घालावं. पॉलिडोरीला ते भांडून मागावं लागलं, मेरीचं पहिल्या छपाईत नव्हतंच. आणि ज्यानं त्या दिवशी बाळाला झोपवलं, वरणाला फोडणी दिली, त्याचंही नाव शेवटी लिहा.