कर्करोगग्रस्तांसाठी विक्रीतला वाटा : हिशेब कोणाचा, लाभ कोणाला?

दिवाळीच्या तोंडावर मुंबई-पुण्यातील सभागृहांत हस्तकलेची प्रदर्शने भरू लागली, की काही टेबलांवर हमखास एक पाटी दिसते : ‘विक्रीतील काही वाटा कर्करोगग्रस्तांसाठी.’ पिशव्या, पणत्या, गोधड्या अशा हाताने केलेल्या वस्तू मांडलेल्या असतात आणि ग्राहकही नेहमीपेक्षा कमी घासाघीस करतो. हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मात्र ‘काही वाटा’ म्हणजे नेमका किती, तो कोणाच्या खिशातून जातो आणि अखेर कोठे पोहोचतो, हे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

हे प्रश्न शहरातील प्रदर्शनापेक्षा हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यातल्या हट्टा या गावाकडून पाहिले, तर अधिक स्पष्ट होतात. कारण या व्यवहाराची दोन्ही टोके अशाच गावांत आहेत. शहरात ‘एथनिक क्विल्ट’ म्हणून विकली जाणारी वाकळ मराठवाड्यात घरोघरी शिवली जाते आणि ज्याच्या नावाने वाटा काढला जातो, तो रुग्णही अनेकदा अशाच गावातून उपचारासाठी निघालेला असतो.

महाराष्ट्रात ही कल्पना नवी नाही. मुंबईत १९६९ मध्ये वाय. के. सप्रू यांनी स्थापन केलेल्या ‘कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन’ने पुनर्वसन केंद्राच्या माध्यमातून तिला वेगळे वळण दिले. तेथे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक पणत्या, पिशव्या, भेटवस्तू तयार करतात आणि त्याचा मोबदला त्यांना मिळतो. येथे रुग्ण हा केवळ देणगी घेणारा राहत नाही, तो कमावणारा होतो. वस्तू विकत घेणाऱ्याचा पैसा आधी श्रमाचा दाम म्हणून पोहोचतो. आज ‘वाटा देणाऱ्या’ छोट्या व्यवसायांत नेमका हाच क्रम अनेकदा उलटा होण्याचा धोका आहे.

गणित गोधडीचे

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, हाताने शिवलेल्या गोधडीची किंमत १,५०० रुपये आहे. दुकानाचे किंवा प्रदर्शनाचे ३० टक्के कमिशन, म्हणजे ४५० रुपये गेले. कापड-दोऱ्याचे ४०० आणि वाहतूक-वेष्टनाचे १०० रुपये वजा केले, तर शिवणाऱ्या बाईच्या हाती ५५० रुपये उरतात. आठ-दहा दिवसांच्या टाक्यांची ही मजुरी. आता ‘विक्रीच्या दहा टक्के दान’ असे जाहीर केले, तर १५० रुपये याच ५५० मधून जातात. तिची मजुरी ४०० वर येते, म्हणजे चौथ्या हिश्शाहून अधिक घटते. पाटी दुकानदाराची, पुण्य ग्राहकाचे आणि दान मात्र शिवणाऱ्या बाईचे, असा हा व्यवहार होतो.

याउलट ‘नफ्याच्या दहा टक्के’ असे लिहिले, तर वेगळाच घोळ होतो. मजुरी हा खर्च धरला, तर या गोधडीवर नफा शून्य आहे आणि शून्याचे दहा टक्केही शून्यच. ‘विक्री’ आणि ‘नफा’ या दोन शब्दांतील हा फरक ग्राहकाच्या ध्यानात क्वचितच येतो.

मग किंमत वाढवून १,६५० करावी आणि वरचे १५० रुपये दान द्यावेत, हा मार्ग वरकरणी सोपा वाटतो. पण कमिशन टक्केवारीने आकारले जाते. दुकानदार दानाच्या रकमेवरही ४५ रुपये कापतो आणि तेवढी तूट पुन्हा मजुरीतच पडते. म्हणूनच कर्करोगाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तूवर दुकानदाराने दानाच्या रकमेपुरते कमिशन सोडले आहे काय, हा प्रश्न पाटीवरील कोणत्याही वाक्यापेक्षा महत्त्वाचा ठरतो.

फितीचा धडा

दान आणि विक्री यांची ही गल्लत केवळ आपल्याकडचीच नाही. अमेरिकेत १९९०च्या दशकाच्या आरंभी शार्लट हेली या वृद्ध महिलेने घरी बसून हाताने फिकट नारिंगी रंगाच्या फिती तयार केल्या. त्या तिने विकल्या नाहीत. कर्करोग संशोधनावरील सरकारी खर्चातील अत्यल्प भाग प्रतिबंधावर खर्च होतो, हे सांगणारे कार्ड जोडून तिने त्या वाटल्या. १९९२ मध्ये एका मासिकाने आणि सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने फितीसाठी तिच्याकडे विचारणा केली, तेव्हा हा बाजार होईल, असे म्हणून तिने नकार दिला. त्यावर फितीचा रंग बदलून गुलाबी करण्यात आला आणि पुढे गुलाबी रंगाच्या वस्तूंची मोठी बाजारपेठ उभी राहिली. या वस्तूंच्या विक्रीतून प्रत्यक्षात किती रक्कम रुग्णांसाठी जाते, असे ग्राहकांनी विचारावे, यासाठी ‘ब्रेस्ट कॅन्सर ॲक्शन’ या संघटनेला २००२ मध्ये स्वतंत्र मोहीमच हाती घ्यावी लागली.

हेलीची मागणी पैशांची नव्हती, धोरणाची होती. आपल्याकडेही रुग्णांच्या संस्थांनी ही भूमिका बजावली आहे. रक्ताच्या कर्करोगावरील ‘ग्लिव्हेक’ या औषधाच्या पेटंटविरोधातील लढाईत ‘कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन’ पक्षकार होती. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नोव्हार्टिस कंपनीचा दावा फेटाळला आणि स्वस्त पर्यायी औषधांचा मार्ग खुला राहिला. वस्तू विकून जमणाऱ्या देणग्यांच्या तुलनेत या एका निकालाचा लाभ कितीतरी व्यापक आहे.

योजना संपते तेथे

पैसा जमा झाल्यावर तो कोठे खर्च व्हावा, हा पुढचा प्रश्न. महाराष्ट्रात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. तीच २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. कर्करोगावरील शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोपचार तीत समाविष्ट आहेत. म्हणजे उपचाराच्या बिलाचा मोठा भार सरकारने पत्करलेला आहे. तरीही रुग्ण उपचार अर्धवट सोडतात. त्याचे एक मोठे कारण बिलाबाहेर आहे.

हट्ट्याच्या रुग्णाला परभणी गाठून दोनशे किलोमीटरच्या घरात असलेल्या छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जावे लागते किंवा रात्रीच्या रेल्वेने मुंबईला टाटा रुग्णालयात. रेल्वे कर्करोगग्रस्ताला आणि सोबतच्या एका व्यक्तीला भाड्यात सवलत देते, हे खरे. पण किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे चालतात आणि त्यासाठी बहुधा रुग्णालयात दाखल करून घेतले जात नाही. या काळात राहायचे कोठे, खायचे काय आणि सोबत आलेल्या माणसाच्या बुडालेल्या रोजाचे काय? दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळची नाना पालकर स्मृती समिती यांसारख्या संस्थांनी हा भार वर्षानुवर्षे उचलला आहे. परंतु रुग्णांची संख्या पाहता त्यांची क्षमता अपुरीच पडणार. २०२२ या एका वर्षात देशात कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळल्याचा जागतिक अंदाज आहे.

छोट्या व्यवसायाच्या छोट्या देणगीला येथेच खरा अर्थ आहे. १५० रुपयांनी कोणाची शस्त्रक्रिया होत नाही. परंतु एका रुग्णाच्या दिवसभराच्या जेवणाला त्यांचा हातभार निश्चित लागतो.

खर्चाचे दुसरे योग्य ठिकाण म्हणजे तपासणी. मराठवाड्यातीलच धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) जिल्ह्यात टाटा रुग्णालय आणि बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने १९९९ पासून ३० ते ५९ वर्षे वयाच्या सुमारे एक लाख ३१ हजार महिलांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एचपीव्ही विषाणूची एकच चाचणी ज्या गटात झाली, तेथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आपल्याच विभागातील खेड्यांनी जगाला दिलेला हा पुरावा आहे. बायकांना तपासणीपर्यंत आणण्यासाठी लागणारे वाहनभाडे आणि बुडणारा रोज हा खर्च किरकोळ वाटतो, पण तपासणी अनेकदा तेथेच अडते.

पावती हवी

राहता राहिला हिशेब. सार्वजनिक वर्गणी गोळा करणाऱ्या गणेश मंडळांना धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीची सवय आहे. वस्तूच्या किमतीत मिसळलेल्या दानाला मात्र असा कोणताही चेहरा नसतो. ग्राहकाने वस्तू विकत घेतलेली असल्याने ‘८० जी’ म्हणून परिचित असलेली करसवलत त्याला मिळत नाही. संस्थेची पावती विक्रेत्याच्या नावे निघते. तीही दोन हजार रुपयांवरील रक्कम रोखीने दिल्यास सवलतीस पात्र ठरत नाही. यात गैर काही नाही. परंतु ती पावती दुकानात लावलेली असावी, एवढी अपेक्षा ठेवण्याचा अधिकार ग्राहकाला नक्कीच आहे.

उपाय अवघड नाही. टक्केवारीऐवजी प्रत्येक वस्तूमागे रुपयांत ठरलेली रक्कम, ती घेणाऱ्या नोंदणीकृत संस्थेचे नाव आणि वस्तू करणाऱ्या हातांना मिळालेली मजुरी, या तीन गोष्टी वस्तूच्या चिठ्ठीवर छापल्या तरी पुरेसे आहे. त्यातील तिसरी सर्वांत आधी छापावी. कारण शिवणाऱ्या बाईच्या घरात उद्या हाच आजार शिरला, तर तिला परभणीची वाट धरताना कनवटीला जे चार पैसे लागतील, ते आजच्या या मजुरीतूनच उरलेले असतील.