ताईंचा सल्ला : चेहरा काळवंडला म्हणून गोळी सोडू नका

सिल्लोडहून एक भगिनी लिहितात : "ताई, माझं वय ५१. छातीचे ठोके मध्येच अनियमित व्हायचे, म्हणून तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी अमिओडेरोनची गोळी दिली. ठोके ताळ्यावर आले. पण यंदा मिरचीच्या तोडणीनंतर नाक, गाल नि हात निळसर राखाडी दिसू लागलेत. मुलीला बघायला पाहुणे यायचेत. जाऊबाई म्हणतात, हा अंगावरचा रोग. घरात न सांगता आठ दिवस झाले, गोळी बंद केलीय. रंग कधी जाईल?"

भगिनी, आजच डॉक्टरांकडे जा आणि गोळी बंद केल्याचे खरे खरे सांगा. हे औषध शरीरातल्या चरबीत साठते आणि बाहेर पडायला काही महिने लागतात. आज तुम्हाला बरे वाटत असेल, तर ते मागच्या गोळ्यांच्या साठ्यावर. तो संपला की ठोके पुन्हा बिघडू शकतात. रंग मात्र इतक्या लवकर जात नाही. महिने, कधी वर्षेही लागतात. क्वचित थोडा राहूनही जातो.

हा संसर्गाचा रोग नव्हे. या गोळीने कातडीला ऊन सोसत नाही, आणि बरीच वर्षे घेतल्यास उघड्या भागांवर कातडीच्या आतल्या थरात रंग साठतो. म्हणून ब्लीच, लेप यांनी तो निघत नाही. लिंबू तर लावूच नका; त्यावर ऊन लागले की कातडी आणखी पोळते.

शेतात सकाळी लवकर जा. पूर्ण बाह्यांचे पोलके, डोक्यावरून पदर, हातमोजे वापरा. झिंक ऑक्साइडचे मलम दर दोन-तीन तासांनी लावा. खिडकीच्या काचेतून येणारे ऊनही बाधते बरं का!

गोळी कमी करता येईल का, बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. या औषधात बरेच आयोडीन असते, म्हणून थायरॉइड नि यकृताची रक्ततपासणी दर सहा महिन्यांनी करून घ्या. कोरडा खोकला, धाप, अंधुक दिसणे अंगावर काढू नका. ओठ-नखे निळी पडून दम लागला, तर तडक दवाखाना गाठा.

पाहुण्यांना सरळ सांगा, हा औषधाचा रंग आहे. लेकीच्या लग्नात आई धडधाकट हवी, हे त्यांनाही कळेल.