रबरी डांबर घ्या, पण पारखून

खड्ड्यांतून टेम्पो नेताना बीम सरकतो, सूत तुटते. भुर्दंड आम्हा भिवंडीच्या व्यापारी-कारागिरांनाच. रस्त्यासाठी जुन्या टायरचा भुगा मिसळलेले डांबर चांगलेच. गरम डांबरात रबर फुगते, डांबर लवचिक होते, उन्हात लवकर मऊ पडत नाही. त्याचे मानक 2004 साली आयएस 15462 मध्ये होते, 2019 पासून ते वेगळे, आयएस 17079 आहे. मात्र सायझिंगच्या खळीप्रमाणे हेही ढवळत ठेवावे लागते (आपल्या मंडळींना हे सांगायला नकोच!), नाहीतर भुगा तळाशी बसतो. शिवाय साचलेले पाणी खडीवरचे डांबर सोडवते; तिथे रबर काय करणार? तेव्हा निविदेत टाकीतल्या डांबराची चाचणी आणि रस्त्यालगतचे गटार, दोन्ही लिहून घ्यावे. व्यापारी संघटनांनी ही मागणी पावसाळ्याआधीच करावी.